थडग्याच्या दारावरचा कोसिहो आणि टोरंटोतले खोटे अर्न

'अर्न' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अस्थिकलशच येतो, तोंडाला लाल फडकं बांधलेला, नाशिकला रामकुंडावर न्यायचा. मेक्सिकोतल्या झापोटेक लोकांनी केलेल्या मातीच्या मूर्तींनाही म्युझियमवाले 'फ्युनरल अर्न'च म्हणतात, पाटीवर अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं असतं, पण आत अस्थी नसतात आणि राखही नसते. थडग्यांत सापडल्या म्हणून सुरुवातीच्या लोकांनी अंदाजाने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. अभ्यासक आता 'मूर्तीचं भांडं' अशा अर्थाचा शब्द वापरतात, मी मात्र सवयीने अर्नच म्हणणारे, कारण खोट्या अर्नचं जे प्रकरण इथे सांगणार आहे ते ज्या काळात घडलं त्या काळात सगळे तेच म्हणायचे.

आधी वस्तू कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागे एक साधा उभा डबा, नळकांड्यासारखा, वरून उघडा. त्या डब्याच्या पुढच्या बाजूला बसलेली आकृती, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. डोक्यावर एवढा मोठा मुकुट की कधीकधी अंगापेक्षा मुकुटच रुंद. कानात जाड चकत्या, छातीवर पदक आणि पदकाखाली शंख-शिंपल्यांची झालर लोंबतेय. बऱ्याच आकृत्यांच्या तोंडावर मुखवटा असतो, वर दुमडलेलं नाक, सुळे, आणि खाली दोन टोकांची जीभ, सापासारखी. हा कोसिहो, विजेचा आणि पावसाचा. माती राखाडी, भट्टीत हवा कोंडून भाजली की येतो तो रंग, आणि काहींवर लाल रंगाचे डाग अजून शिल्लक आहेत. पाठीमागचा डबा मात्र अगदी ओबडधोबड, काही नक्षी नाही, कारण तो भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, बघणार कोण? आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीची पाठ कशी असते तसंच. ही पाठ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जागा म्हणजे मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं वाहाका खोरं (स्पेलिंगमध्ये एक्स आहे म्हणून आपण ओक्साका वाचतो, तिथे कोणी तसं म्हणत नाही). खोऱ्याच्या मधोमध डोंगर सपाट करून त्यावर मोन्ते अल्बान हे शहर वसवलं, इसवी सन पूर्व ५०० च्या आसपास, आणि ते साधारण इसवी सन ८००-९०० पर्यंत नांदलं. अर्न या सगळ्या काळातले मिळतात, पण आपल्याला फोटोत दिसतात ते भरगच्च मुकुटवाले बहुतेक इसवी सन २०० नंतरचे. झापोटेक लोक अजून तिथेच आहेत बरं का, लाखोंनी, त्यांच्या भाषा बोलतात, बाजारात बसतात, म्हणजे 'नष्ट झालेली संस्कृती' वगैरे जे आपण वाचतो ते सोडून द्या.

आता प्रकरण. वाहाका शहरात कॉन्स्टंटाइन रिकार्ड्स नावाचे गृहस्थ होते, ब्रिटिश घराण्यातले पण तिथेच वाढलेले, ब्रिटनचे व्हाइस-कॉन्सल. जुन्या वस्तूंचा प्रचंड नाद. १९१० मध्ये त्यांनी मेक्सिकोतल्या अवशेषांवर फोटोंचं जाडजूड पुस्तक काढलं, म्हणजे माणूस नुसता हौशी नव्हता, अभ्यासू होता, गावोगाव हिंडलेला होता. त्यांनी अर्न जमवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग कॅनडात टोरंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमला गेला. म्युझियम नवंनवं होतं, १९१४ ला उघडलेलं, कपाटं भरायची होती. एका झटक्यात झापोटेक अर्नचा दणदणीत संग्रह हाताला लागला. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की त्यातले अनेक अर्न झापोटेक राजांच्या काळातले नाहीतच, रिकार्ड्स यांच्याच काळातले आहेत. वाहाकातल्याच कुणा कुंभाराने केलेले, ताजे.

रिकार्ड्सना फसवलं गेलं की त्यांना अंदाज होता, यावर चर्चा करता येईल, पण मला त्यात फार रस नाही. मला जास्त इंटरेस्टिंग हे वाटतं की एवढा जाणता माणूस, खोऱ्यातच राहणारा, रोज हीच माती बघणारा, त्याच्या हातून हे झालं. मग बर्लिन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या लोकांचं काय होणार होतं? तिथेही तेच झालं. अडम सेलन या अभ्यासकाने जगभरातल्या म्युझियममधल्या अर्नची नोंद करण्यात वर्षं घातली, पास्काल मोन्ये या फ्रेंच अभ्यासकाने १९८७ मध्ये या नकलांवर लांबलचक लेख लिहिला, आणि दोघांच्याही कामातून एकच दिसतं: खोटे अर्न एखाददुसरे घुसलेले नाहीत, ती एक लाट होती.

लाट का आली ते बघा. १८८० नंतर रेल्वे आली, परदेशी लोक आले, आणि मेक्सिकोतल्या जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळालं. १८८६ मध्येच विल्यम हेन्री होम्स या अमेरिकन अभ्यासकाने मेक्सिकोतल्या नकली पुराणवस्तूंच्या धंद्यावर लेख लिहून लोकांना सावध केलं होतं, म्हणजे हे कुणाला माहीतच नव्हतं असं अजिबात नाही. बर्लिनचे अभ्यासक एडुआर्ड झेलर वाहाकाला येऊन गेले. न्यूयॉर्कच्या म्युझियमसाठी मार्शल सॅव्हिलने शोशो गावाजवळच्या टेकाडांत खोदकाम केलं. वाहाका शहरातच डॉक्टर सोलोगुरेन यांचा मोठा संग्रह होता. सगळ्यांना एकच वस्तू हवी, आणि ती पण देखणी, मुकुटवाली, अखंड. खऱ्या थडग्यात अर्न मिळतो तेव्हा बहुतेकदा फुटलेला, छत पडून दबलेला, नाक गेलेलं. गिऱ्हाइकाला हवा तसा माल जमिनीतून निघत नव्हता, मग भट्टीतून निघायला लागला.

त्यात १८९७ चा कायदा. मेक्सिकोने जाहीर केलं की पुरातत्त्वीय अवशेष राष्ट्राच्या मालकीचे, परवानगीशिवाय बाहेर न्यायचे नाहीत. कायदा चांगलाच होता. पण विचार करा, जो माल चोरून, गुपचूप, कुठून आला हे न सांगता विकला जातो, त्यात खोट्याला लपायला किती सोपं. 'कुठे सापडला?' असं विचारायची सोयच राहिली नाही, कारण विकणारा म्हणणार साहेब, सांगितलं तर मी आत जाईन. दुकानदाराचं तोंड बंद, आणि गिऱ्हाईक खूश, कारण आपल्याला काहीतरी दुर्मीळ, चोरटं मिळतंय अशी हवा. मेक्सिकोचे सरकारी पुरातत्त्व निरीक्षक लेओपोल्दो बात्रेस यांनी १९१० मध्ये नकली पुराणवस्तूंवर आख्खं पुस्तक छापलं. म्हणजे रिकार्ड्स यांचं पुस्तक आणि हे पुस्तक एकाच वर्षातलं! गंमतच म्हणायची.

आता नकलाकाराचं कौतुक करावंच लागेल. त्याच्या हाताशी काय काय होतं? माती तीच, त्याच खोऱ्यातली. मोन्ते अल्बानच्या पायथ्याशी आत्सोम्पा हे कुंभारांचं गाव, तिथे जुन्या काळीही भांडी होत होती आणि आजही होतात. म्हणजे मातीचं रासायनिक पृथक्करण करून फार काही हाती लागणार नाही, खऱ्याची आणि खोट्याची आई एकच. हात सुद्धा कसलेले. जुन्या फुटक्या अर्नचे तुकडे शेतात नांगराला लागायचे, त्यावरून साचा काढायचा, साच्यातून चेहरा, दुसऱ्या साच्यातून पदक, तिसऱ्यातून मुकुटाचा भाग, आणि मग जोडायचं. जुना तुकडा खरा आणि बाकी सगळं नवं असाही प्रकार व्हायचा, तो सगळ्यात वाईट, कारण तो धड खोटाही नाही.

पकडला कुठे जातो? जोडण्यात. खऱ्या अर्नमध्ये प्रत्येक गोष्टीचा एक हिशोब असतो. कोसिहोच्या मुकुटात एक ठराविक चिन्ह येतं, अभ्यासक त्याला 'ग्लिफ सी' म्हणतात, ते त्याच्या जागी येतं, पदकावर एखाद्या दिवसाचं नाव असतं, आकडा आणि चिन्ह, आणि ते झापोटेक पंचांगात बसतं. नकलाकाराला पंचांग येत नव्हतं. त्याच्यासाठी ती सगळी नक्षीच. मग तीनशे वर्षांच्या अंतराने वापरातल्या दोन गोष्टी एकाच डोक्यावर येतात, चिन्ह असतं पण ते कुठलंच चिन्ह नसतं, म्हणजे आपल्याकडे कुणी देवनागरी न येणाऱ्याने शिलालेख खोदला तर शिरोरेषा छान आणि खाली नुसत्या आंतरपाटावरच्या वेलबुट्ट्या, तसं काहीसं. आणि ती पाठ! गिऱ्हाइकाला मूर्ती हवी, डबा कशाला हवा, म्हणून काही नकलांत डबा नावापुरता उरतो किंवा त्यावर उगीच मेहनत घेतलेली दिसते. ज्याने थडगं कधी सजवलं नाही त्याला पाठ कुणी बघत नाही हे कसं कळणार.

पण हे आता, मागे वळून बघताना सोपं वाटतं. तेव्हाची खरी अडचण वेगळी होती आणि माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. झापोटेक देव कोण कोण, कसे दिसतात, हे ठरवायचं कशावरून? सोळाव्या शतकातले थोडे स्पॅनिश कागद आहेत, हुआन दे कोर्दोवा या पाद्र्याचा १५७८ चा झापोटेक शब्दकोश आहे, त्यात देवांची नावं आहेत, पण कुठल्या नावाचा चेहरा कसा हे तिथे नाही. मग चेहरे अर्नवरूनच ठरवायचे. अल्फोन्सो कासो आणि इग्नासिओ बेर्नाल या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञांनी १९५२ मध्ये वाहाकाच्या अर्नचा जो मोठा ग्रंथ केला त्यात हेच केलं, देवांचे गट पाडले, मुकुटावरून, मुखवट्यावरून: कोसिहो, मक्याचा देव, वटवाघूळ देव, मुकुटात गाठ असलेला देव, म्हातारा देव, काही देव्या. काम अफाट आहे, आजही त्याशिवाय पान हलत नाही. पण त्यांच्यापुढे जे अर्न होते त्यातले कित्येक खोदकामातून आलेले नव्हते, संग्रहांतून आलेले होते. पुढे फ्रँक बूस या अमेरिकन माणसाने १९६० च्या दशकात जगभरच्या अर्नचे फोटो छापले आणि त्यात खोटे ढिगाने आले.

म्हणजे काय झालं बघा. खोट्या अर्नवर एक विचित्र मुकुट. अभ्यासक म्हणतो अरे, हा आपल्याला माहीत नसलेला देव दिसतो. त्याला नाव नाहीतर नंबर मिळतो. दहा वर्षांनी त्याच साच्यातला दुसरा अर्न दुसऱ्या देशात निघतो, आणि तिथला क्युरेटर पुस्तक उघडून म्हणतो, बरोबर, हा तर अमुक देव, पुस्तकात आहे, म्हणजे आपला खरा. एका खोट्याने दुसऱ्याची साक्ष काढली. आणि हे वर्तुळ आतून फोडता येत नाही, कारण आत सगळेच एकमेकांना ओळखतात.

बाहेरून फोडायला दोन गोष्टी लागल्या. एक भट्टीचं घड्याळ, दुसरी थडग्याचं दार.

घड्याळाचं आधी. मातीत क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे बारीक कण असतात, आणि मातीतच थोडंसं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं, त्यांचं किरणोत्सर्जन या कणांत वर्षानुवर्षं साठत राहतं. मूर्ती भाजली की साठलेलं सगळं निघून जातं, काटा शून्यावर. तिथून परत साठायला सुरुवात. शेकडो वर्षांनी तळाच्या कुठल्या तरी न दिसणाऱ्या जागी छोटं ड्रिल मारून चिमूटभर भुकटी काढायची, अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्यात, आणि ती सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवायची. कण क्षणभर फिकट चमकतात. चमक जास्त तर जुनं, चमक जवळपास नाहीच तर कालचं. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात, टीएल. तारखेत वीस-पंचवीस टक्क्यांची चूक होऊ शकते, म्हणजे राजाचं नाव काढायला याचा उपयोग नाही, पण इथे प्रश्न हा अर्न चौदाशे वर्षांचा की सत्तर वर्षांचा एवढाच होता, त्यात पंचवीस टक्क्यांनी काय बिघडतंय.

१९७० च्या दशकात ही टेस्ट वाहाकाच्या अर्नवर लावली गेली. फिलिपा शॅप्लिन यांचा १९७८ चा लेख नेमका यावरच आहे, टीएल आणि शैली दोन्ही एकत्र लावून. हे एकत्र महत्त्वाचं, कारण टीएल फक्त ड्रिल मारलं त्या जागेचं वय सांगते. डबा खरा आणि डोकं नवं असेल आणि तुम्ही भुकटी डब्यातून काढलीत तर मशीन छातीठोकपणे सांगेल की जुना. म्हणून डोकं, मुकुट, डबा असं वेगवेगळ्या जागी बघावं लागतं, आणि सांधे शोधायला एक्स-रे. त्यात पण क्रम पाळायचा, भुकटी आधी काढायची आणि एक्स-रे मग, कारण एक्स-रेचं रेडिएशन सुद्धा त्याच कणांत जमा होतं. उलटही होऊ शकतं, शैली चमत्कारिक म्हणून खोट्यात काढलेला एखादा अर्न खराखुरा निघायचा, कुठल्या तरी लांबच्या गावच्या कुंभाराचा. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आता थडग्याचं दार. कासोंनी १९३१ पासून मोन्ते अल्बानला खोदकाम सुरू केलं. १९३२ च्या जानेवारीत सात नंबरचं थडगं उघडलं आणि त्यातल्या सोन्यामुळे जगभर बोभाटा झाला, पण ते सोनं नंतरच्या मिश्तेक या दुसऱ्याच समाजाच्या लोकांनी ठेवलेलं, आपल्या कामाचं नाही. आपल्या कामाचं १०४ नंबरचं. दाराच्या वर कोनाडा, कोनाड्यात मातीची बसलेली आकृती, मुकुटात कोसिहोचं तोंड. दाराला दगडाची शिळा, तिच्यावर चिन्हं कोरलेली. आत भिंतींवर रंगीत चित्रं, भिंतींत कोनाडे, आणि एकच सांगाडा, पालथा नाही, उताणा, पाय लांब केलेला. पायांशी एक मोठा अर्न आणि त्याच्याबरोबर चार छोटे सोबती.

हे पाच जण कुठल्याही बाजारात मिळाले नसते. मिळाले असते तरी पाच गिऱ्हाइकांकडे पाच गेले असते, एक पॅरिसला, एक टोरंटोला, आणि मग कुणीतरी मोठ्याला देव म्हटलं असतं आणि छोट्यांना काय म्हणायचं ते कळलं नसतं. इथे मात्र कुणाच्या पायाशी कोण, तोंड कुणीकडे, दारावर कोण आणि आत कोण, सगळं जागेवर. खऱ्या-खोट्याची पट्टी लावायची तर ती इथून लावायची. खोदकामातले अर्न एका बाजूला आणि 'वाहाकातून आले' एवढीच नोंद असलेले दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी केली आणि मग तुलना केली तर ते काही 'देव' फक्त दुसऱ्याच बाजूला दिसतात. थडग्यात कधी नाहीत, फक्त दुकानात. त्यांचा निकाल तिथेच लागतो, मशीन नंतर येतं.

याच फाळणीतून आणखी एक गोष्ट वर आली, आणि ती मला खोट्या अर्नपेक्षा जास्त आवडते. खरे अर्न देवांचे आहेत का? जॉयस मार्कस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी म्हटलं की नाही, यातली बरीच माणसं आहेत, मेलेले राजे-राण्या, पूर्वज. झापोटेक सरदारांची नावं २६० दिवसांच्या पंचांगावरून, जन्मदिवसावरून पडायची, आणि अर्नच्या छातीवर तशीच नावं आहेत. देवाला कशाला जन्मदिवस? लाम्बित्येको या गावी एका थडग्याच्या दर्शनी भागावर चुन्याच्या गिलाव्यात एक पुरुष आणि एक बाई आहेत, सुरकुतलेले चेहरे, नावं '१ भूकंप' आणि '१० बोरू', अगदी कुणाचे तरी आजी-आजोबा. आणि त्याच गावात दुसऱ्या घरात कोसिहो आहे, एका हातात पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात विजा.

देव की माणूस या प्रश्नात आपला पाश्चात्त्य अभ्यासकांपेक्षा कमी गोंधळ व्हायला हवा. आपल्या देवघरात खंडोबाचा टाक आणि घरातल्या कुणा वारलेल्या माणसाचा टाक एकाच ताम्हनात बसतात, एकाच हाताने दोघांना गंध लागतं, आणि पाहुण्याने विचारलं यातले देव कोण तर आजी काय उत्तर देणार? बोहाड्यात देवाचा मुखवटा घालून नाचणारा तेवढ्यापुरता देव असतो, लोक पाया पडतात, आणि सकाळी तोच शेतावर. कोसिहोचा मुखवटा तोंडावर घेतलेला झापोटेक राजा हा देव की माणूस, हा प्रश्न आपल्याला पडतो तो म्युझियमच्या पाटीवर एकच ओळ मावते म्हणून. झापोटेक लोक कोसिहो हा शब्द विजेलाही वापरायचे आणि पंचांगातल्या ६५ दिवसांच्या पाव भागालाही, चार कोसिहो मिळून २६० दिवस. असा शब्द 'पर्जन्यदेवता' या एका शब्दात कोंबायचा म्हणजे कठीणच.

म्हणूनच खोटे अर्न नुसते पैशाचं नुकसान करून थांबले नाहीत. नकलाकाराला काय विकायचं होतं? देव. युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मूर्तिपूजकांचा भयानक देव हवा होता, मग त्याने सुळे वाढवले, मुकुट वाढवला, जीभ लांब केली. सुरकुतलेली आजी कुणी मागितली नाही म्हणून त्याने फारशी केली नाही. खोट्यांची गर्दी झाली तसतसे झापोटेक लोक जास्तच देवभोळे आणि जास्तच भीतीदायक दिसायला लागले असं मला वाटतं, आणि ते दिसणं त्यांनी स्वतः नाही, गिऱ्हाइकाने ठरवलेलं होतं.

टोरंटोच्या म्युझियमने पुढे काय केलं? फेकून दिले नाहीत, लपवलेही नाहीत. नकली वस्तूंचं प्रदर्शन केलं तेव्हा त्यात झापोटेक अर्न पण मांडले, की बघा, ओळखा. हे मला पटलं. बऱ्याच म्युझियमनी असे अर्न गुपचूप तळघरात ढकलले आणि पाटी बदलायची राहून गेली, किंवा बदलली ती 'झापोटेक शैलीतील' अशी, म्हणजे ना धड हो ना धड नाही.

आणि ते खोटे अर्न आता स्वतःच शंभरी पार करून बसलेत. ते कुणी केले, नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, लिहिणार कोण, धंदाच तसा होता. पण डब्याच्या आत हात घालून ओली माती दाबलेली असते, तिथे बोटांचे ठसे उमटतात, खऱ्यात पण आणि खोट्यात पण, आणि नुसत्या ठशांवरून कुठला राजाच्या कुंभाराचा आणि कुठला रिकार्ड्स यांच्या वेळचा ते कुणालाच सांगता येणार नाही.